भावनेचा अवधी

वडील गेले त्या वर्षी आम्ही घरी गणपती आणला नव्हता. मधल्या दोन महिन्यांत मी एकदाही रडलो नव्हतो, कारण रडायला सवडच झाली नव्हती. मृत्यूचा दाखला, बँकेच्या खेपा, पेन्शनचे कागद, गॅसच्या पुस्तकावरचं नाव आणि रोज सकाळी घाटकोपरला धावत गाठायची लोकल. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी भटवाडीतून एका मंडळाची मिरवणूक चालली होती. पुढे बेंजो पार्टी होती. वळणावर बस अडकली, मिरवणूक थांबली, आणि बेंजोवाल्याने नाचाचं गाणं सोडून एका जुन्या गाण्याची संथ चाल धरली. वडील दाढी करताना तीच गुणगुणायचे. ढोलवाले काठ्या खाली घेऊन उभे राहिले. बस निघेपर्यंत त्याने मुखडा चार-पाच वेळा घोळवला. तेवढा वेळ मी एका बंद दुकानाच्या फळीला टेकून रडलो. बस गेली, ताशा कडाडला, आणि मी डोळे पुसून घरी आलो.

संगीत भावना निर्माण करतं, असं आपण सहज बोलून जातो. पण माझं दुःख त्या बेंजोने निर्माण केलं नव्हतं. ते दोन महिने घरातच होतं, फक्त त्याच्या वाट्याला वेळ आला नव्हता. तो वेळ त्या चालीने दिला. तेव्हापासून मला वाटत आलं आहे, की गाण्याची खरी ताकद इथे आहे. गाणं भावनेला अवधी देतं. तिला सुरुवात, चढण आणि शेवट देतं, आणि तोवर आपल्याला जागेवरून हलू देत नाही.

शब्दांचं महत्त्व मी नाकारत नाही, पण बेंजोला शब्द नसतातच. हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते तयार केलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, त्याला वीज जोडली गेली आणि मुंबईच्या वस्त्यांनी त्याला मिरवणुकीत आणलं. अँप्लिफायरमधून फाटत, किंचाळत येणारा त्याचा सूर इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा भाऊ शोभावा असा. चाळीतल्या पोरांनी रॉक हा शब्द ऐकण्याआधी त्याचा आवाज असा अंगावर घेतलेला असतो.

म्हणूनच असेल, सतराव्या वर्षी मित्राच्या कॅसेटवर लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ ऐकलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. मी मराठी शाळेतला, निम्मे शब्दही कळले नाहीत. १९७१ सालचं हे गाणं आठ मिनिटांचं आहे आणि त्यात ड्रम येतात ते अर्धं गाणं उलटून गेल्यावर. तोवर गिटार पायरी पायरीने चढत राहते. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही चढण ओळखीची वाटेल. शेवटी गायक किंचाळतो, तोवर ती किंकाळी आपलीच झालेली असते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असली, की राग आला तरी दोन मिनिटांत गिळावा लागतो. त्या गाण्याने माझ्या रागाला आठ मिनिटं दिली. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरू लागला, पुढे तो अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही आला. तिथे जमणाऱ्या पोरांची हीच गरज होती, असं मला वाटतं. बाहेरून तो गोंगाट वाटे, पण आत शिरलेल्याला तिथे सवड मिळे.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत हेच काम आणखी नेमकेपणाने करतं. ‘शोले’मध्ये जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि राधा एकेक दिवा मालवत जाते. राहुलदेव बर्मन यांची ती चाल प्रत्यक्षात भानू गुप्तांनी वाजवली. विधवेवरचं प्रेम, आणि दोघांनाही एक शब्द उच्चारायची सोय नाही. संगीत काढून पाहा: एक बाई दिवे विझवते आहे, एवढंच उरेल, आणि दहा सेकंदांत आपली नजर दुसरीकडे जाईल. ती चाल आपल्याला शेवटचा दिवा मालवेपर्यंत तिथे थांबवते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतात उत्कट क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं. आणि तो क्षण येण्याआधी, नुसत्या चाहुलीनेही, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवतं. समेची वाट पाहत मांडीवर हात धरून बसलेल्या श्रोत्याला हे अनुभवाने ठाऊक असतं. वाट पाहणं हाही त्या आनंदाचाच भाग आहे.

यावर आक्षेप येईल, की मग संगीत माणसाला फसवूही शकतं. शकतंच. मालिकांमध्ये एक थप्पड तीन बाजूंनी दाखवतात आणि तीनदा गडगडाट होतो. पण तिथे काय होतं ते नीट पाहा. ते संगीत आपल्याला वेळ देत नाही, असलेला हिसकावून घेतं. आपल्याला काय वाटतंय हे उमगण्याआधीच काय वाटायला हवं ते सांगून मोकळं होतं. खऱ्या आणि खोट्या पार्श्वसंगीतातला फरक ओळखायला मला हीच कसोटी पुरते.

या कसोटीवर सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. २०१६ च्या मे महिन्यात मुलुंडला मी ‘सैराट’ पाहिला. अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. ‘झिंगाट’ला पुढच्या रांगा उठून नाचल्या. व्हायोलिनच्या लाटांनी आर्ची-परश्याच्या प्रेमाला भरभरून अवधी दिला. आणि शेवटी, त्या दोघांची हत्या झाल्यावर, रक्तात भरलेल्या पावलांनी त्यांचं लेकरू चालू लागतं तेव्हा दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. धरायला एक सूर नाही. रडायचं की नाही, किती वेळ रडायचं, कोणी सांगत नाही. दिवे लागले तरी नाचलेली पोरं खुर्च्यांतच बसून होती. प्रेमाला जो अवधी मिळाला तो या हत्येला संगीताने दिला असता, तर रडून, हलके होऊन आम्ही घरी गेलो असतो. मंजुळेंनी ती सुटका नाकारली, म्हणून ते दुःख आम्हाला सोबत न्यावं लागलं. अवधी देण्याची ताकद ज्याला कळते, त्यालाच तो कुठे देऊ नये हेही कळतं.

आज गाणं आपल्यापर्यंत पोचतं ते तीस सेकंदांच्या तुकड्यात. चढण कापलेली असते, नुसतं शिखर हातात येतं, आणि अंगठा पुढे सरकतो. मला यात काळजी वाटते ती गाण्यांपेक्षा माणसांची. अंधेरी-बोरिवलीच्या गाडीत उभं राहून ज्यांचा दिवस संपतो, त्यांच्या दुःखाला, रागाला, प्रेमाला दुसरीकडे कुठे वेळ मिळणार आहे? म्हणून एखादं गाणं तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं, श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहावं, असं मी कळकळीने सांगतो.

भटवाडीच्या त्या बेंजोवाल्याला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. बस अडकली होती, आणि तेवढा वेळ त्याने चाल सोडली नाही.