प्रभूचे मेज आणि मंडळीची निवड

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने शिष्यांसह भोजन केले. त्याची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी जवळजवळ सर्व ख्रिस्ती पंथांत आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो प्रभुभोजन म्हणून ओळखला जातो, तर कॅथलिकांसाठी ख्रिस्तप्रसाद हा मिस्सेचा गाभा असतो. हा विधी कोणी चालवावा, कोणाला द्यावा, किती वेळा करावा आणि त्यात नेमके काय घडते, यावरून मात्र गेल्या हजार वर्षांत पंथ फुटले आणि माणसे जिवंत जाळली गेली. गाव सोडून शहरात आलेले, दुसऱ्या पंथात लग्न झालेले किंवा प्रौढपणी श्रद्धेकडे वळलेले माणूस मंडळी निवडताना प्रभुभोजनाची पद्धत पाहते, तेव्हा ते योग्य ठिकाणी पाहत असते. मंडळी काय मानते आणि कोणाला आपले म्हणते, हे तिच्या लेखी मतांपेक्षा प्रभूच्या मेजाशी अधिक स्पष्ट दिसते. तरीही तिथे काय आधी पाहावे आणि काय नंतर, हे ठरवले नाही, तर निवड केवळ आवडीची होते. कधी ती त्याहून वाईटही होऊ शकते.

पहिला प्रश्न श्रद्धेचा आहे: भाकर आणि द्राक्षारस यांचे काय होते? 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पाश्चात्त्य चर्चची भूमिका शब्दांत बांधली. धर्मगुरूच्या अभिमंत्रणाने भाकरीचे आणि द्राक्षारसाचे बाह्य रूप तेच राहते, पण त्यांचे सत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, ही ती भूमिका. 1551 मध्ये ट्रेंट परिषदेने तिला पुन्हा दुजोरा दिला. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने सत्त्व पालटण्याचे हे स्पष्टीकरण नाकारले, पण भाकरीसोबत ख्रिस्ताचे शरीर खरोखर हजर असते यावर तो ठाम होता. झुरिकच्या झ्विंग्लीने भाकर हे चिन्ह मानले आणि विधी हे स्मरण मानले. 1529 मध्ये हे दोघे जर्मनीत मारबर्ग येथे समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले आणि प्रभुभोजनाच्या पंधराव्या कलमावर बोलणी तुटली. पुढे जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने मधली वाट मांडली. ख्रिस्त भाकरीत कोंडलेला नाही, तरी पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने विश्वासणाऱ्याला त्याची खरी सहभागिता मिळते, असे त्याचे म्हणणे होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने ख्रिस्ताची खरी उपस्थिती मानली, पण ती कशी घडते याची व्याख्या करण्याचा आग्रह धरला नाही.

हे भेद केवळ पंडितांचे नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीजवळच्या पेटीत जपून ठेवतात, तिच्याजवळ अखंड दिवा ठेवतात आणि तोच प्रसाद आजाऱ्यांच्या घरी नेतात. विधीला स्मरण मानणाऱ्या मंडळीत उरलेल्या भाकरीला असे स्थान नसते. एकीकडे उपासक गुडघे टेकतो, दुसरीकडे बाकावर बसून शेजाऱ्याकडून ताट घेतो. दोन्हीकडची शरीराची हालचाल तिथली शिकवणच सांगत असते. भाकर हे चिन्हच आहे अशी ज्याची खात्री आहे, त्याने केवळ मिस्सेच्या गांभीर्यासाठी कॅथलिक वेदीपुढे जाणे प्रामाणिक नव्हे. ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष उपस्थितीवर ज्याचा विश्वास आहे, त्यालाही केवळ स्मरण मानणाऱ्या मंडळीत उपाशी राहिल्यासारखे वाटेल.

दुसरा प्रश्न निमंत्रणाचा आहे. बाप्तिस्मा न झालेल्यांना या भोजनात घेऊ नये, असा नियम आरंभीच्या काळातील 'दिदाखे' या पुस्तिकेतही आहे. त्यापुढे पंथांच्या वाटा वेगळ्या होतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च एका मेजावर बसण्याला आधीच असलेल्या ऐक्याची खूण मानतात. जिथे श्रद्धा आणि बिशपांची परंपरा एक नाही, तिथे भोजनही एक असू शकत नाही, असा त्यांचा तर्क आहे. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेत अपवाद आहेत, पण प्रॉटेस्टंटांसाठी ते मृत्युसंकट किंवा तशाच गंभीर गरजेपुरते आणि अटींसह आहेत. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या दुसऱ्या मंडळ्यांच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदांना बोलावतात. बाप्टिस्टांत यावरून जुना वाद आहे. प्रौढपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला नसेल, तर तो बाप्तिस्माच नव्हे असे काहींचे मत आहे, म्हणून त्यांचे मेज इतरांसाठी बंद असते.

मेजाभोवती किती उंच कुंपण असावे, हा प्रश्न एका मंडळीच्या आतही पेटू शकतो. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड सदाचारी माणसाला प्रभुभोजन देत असत. त्यातूनच त्याला तारणाची जाणीव होईल, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे नातू आणि वारसदार जोनाथन एडवर्ड्स यांनी मनापासूनच्या विश्वासाची कबुली आवश्यक ठरवली, तेव्हा 1750 मध्ये मंडळीने या थोर धर्मचिंतकाला पदावरून दूर केले. मुलांबाबतही एकमत नाही. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच भोजनात सामील करते. कॅथलिकांमध्ये पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये समज येण्याचे म्हणजे साधारण सातवे वर्ष पुरेसे ठरवले. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या दृढीकरण (श्रद्धेच्या कबुलीचा विधी) होऊन मूल पूर्ण सभासद होईपर्यंत थांबतात. मुलांना बरोबर घेऊन उपासनेला जाणाऱ्या कुटुंबाने हा भेद आधीच जाणून घ्यावा.

तिसरा प्रश्न चालवणाऱ्याचा आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतील बिशपाने दीक्षा दिलेला पुरुष धर्मगुरूच हा विधी करू शकतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दीक्षित पाळक तो चालवतात आणि त्यांपैकी अनेकींत स्त्रियाही पाळक आहेत. प्लिमथ ब्रदरन मंडळ्यांत वेगळा पाळकवर्गच मानत नाहीत. तिथे दर रविवारी भाकर मोडली जाते आणि प्रार्थना मंडळीतील पुरुष करतात. ही निवड अधिकाराविषयीची आहे: ख्रिस्ताने आपली सेवा पदपरंपरेकडे सोपवली की एकत्र जमलेल्या विश्वासणाऱ्यांकडे?

यानंतर बाह्य पद्धती येतात. त्या डोळ्यांत लवकर भरतात, पण सगळ्यांचे वजन सारखे नाही. खमिराची भाकर की बेखमीर, हा पूर्व आणि पश्चिम चर्चमधील अकराव्या शतकातला एक कडवा वाद होता. आज केवळ तेवढ्यासाठी कोणी मंडळी बदलत नाही. प्याल्याचा इतिहास अधिक गंभीर आहे. मध्ययुगात पाश्चात्त्य चर्चमध्ये सामान्य लोकांना फक्त भाकर मिळू लागली आणि प्याला धर्मगुरूंपुरता उरला. 1415 मध्ये कॉन्स्टन्स परिषदेने यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी त्याच परिषदेने धर्मसुधारक यान हुस याला पाखंडी ठरवून जाळायला पाठवले. त्याच्या बोहेमियातील अनुयायांनी सर्वांसाठी प्याला ही आपली खूण केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिकांतही ठरावीक प्रसंगी लोकांना प्याला देता येतो.

प्याल्यात काय असावे, हाही एक प्रश्न आहे. कॅथलिक नियमाप्रमाणे खरा द्राक्षारस, म्हणजे वाइन, लागतो. अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात असताना 1869 मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती साधली. पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हा रस स्वीकारला. भारतात कित्येक ठिकाणी मनुकांपासून काढलेला रसही वापरतात. जो दारूच्या व्यसनातून सुटू पाहतो, त्याच्यासाठी हा तपशील जीवनमरणाचा असतो. किती वेळा प्रभुभोजन घ्यावे, यातही परंपरा आणि सोय यांची सरमिसळ आहे. कॅल्व्हिनला ते दर आठवड्याला हवे होते, पण जिनिव्हाच्या नगरसभेने वर्षातून चार वेळा एवढेच मान्य केले. आज अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्या भोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात, कारण येशूनेही त्या रात्री शिष्यांचे पाय धुतले होते.

काही गट असेही आहेत, जे हा विधी करतच नाहीत. क्वेकर पंथाप्रमाणे मुक्तिफौजही (साल्व्हेशन आर्मी) बाह्य विधीविना ख्रिस्ताची सहभागिता मिळते असे मानते. तिचे संस्थापक विल्यम बूथ यांनी 1883 मध्ये मुक्तिफौजेतील प्रभुभोजन थांबवले. त्याच्या आदल्या वर्षी मुक्तिफौज मुंबईत येऊन पोहोचली होती आणि नगर जिल्ह्यात तिचे काम पुढे खोलवर रुजले. अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) बूथ हॉस्पिटल त्याची साक्ष देते. मेजाविनाही एक मंडळी गरिबांची आणि रुग्णांची सेवा करत उभी राहिली, ही गोष्ट प्रभुभोजनाच्या पद्धतीलाच सर्वस्व मानणाऱ्याने लक्षात ठेवावी.

भारतात या सगळ्या प्रश्नांना जातीची धार आहे. तमिळ प्रदेशातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उच्च म्हणवणाऱ्या जातींचे ख्रिस्ती लोक देवळात वेगळे बसत आणि प्रभुभोजन दलितांच्या आधी घेत. काही ठिकाणी प्यालेही वेगळे होते. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये मंडळ्यांतून जातिभेद पूर्णपणे हटवण्याचा आदेश दिला. अनेकांनी तो मानला नाही आणि ते मंडळीबाहेर पडले. पुढे त्यांतले पुष्कळ जण लाइपझिगच्या ल्यूथरन मिशनकडे गेले, कारण ते मिशन जातीबाबत सौम्य होते. प्रभुभोजनाच्या पद्धतीवरून मंडळी निवडल्याचे हे भारतीय इतिहासातील ठळक उदाहरण आहे. या माणसांना सत्त्वपालटाची चिंता नव्हती, बिशपांच्या परंपरेचीही नव्हती. आपल्या ओठांआधी त्या प्याल्याला कोणाचे ओठ लागले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कॅथलिक चर्चही यातून सुटले नाही. तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम येथे दोन जातींसाठी एकाच वेदीकडे जाणारी दोन वेगळी दालने बांधलेली होती.

महाराष्ट्रातही हा प्रश्न होता. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडील मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून लोक आले. गावगाड्यात या दोन समाजांतही रोटीव्यवहार नव्हता. रेव्हरंड टिळकांसारखे ब्राह्मणही ख्रिस्ती झाले. सोवळेओवळे सुटणे किती अवघड असते, याचे प्रांजळ चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. अशा समाजात एकच भाकर मोडून खाणे आणि एकाच प्याल्याला ओठ लावणे ही फार मोठी सामाजिक घटना होती. पुढे आरोग्याच्या कारणाने छोटे स्वतंत्र प्याले अनेक मंडळ्यांत आले आणि ते कारण रास्त आहे. मात्र एका प्याल्यात जी समता उघड दिसत होती, ती मंडळीच्या इतर व्यवहारांत दिसते की नाही, हे आता अधिक काळजीने पाहावे लागते.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. प्रभुभोजनाविषयीचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, साधारण इ.स. 55 च्या सुमाराचा आहे आणि तो एका तक्रारीतून आला आहे. करिंथ येथील संपन्न लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. असे जेवण प्रभूचे भोजनच नव्हे, असा पौलाचा निवाडा आहे. भाकरीत काय घडते हा वाद कितीतरी नंतरचा आहे. कोणाला मागे ठेवले जाते, हा प्रश्न मुळापासूनचा आहे.

फुटलेली मेजे जोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन तसेच डिसायपल्स परंपरेच्या सहा मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या. कोणाची दीक्षा खरी, हा वाद मिटवण्यासाठी स्थापनेच्या वेळीच सर्वांच्या सेवापदांचे हस्तस्पर्शाने एकीकरण करण्यात आले. अमेरिकन परंपरेची दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली. युरोपात 1973 च्या लॉयनबर्ग करारानंतर ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या एकमेकींच्या मेजावर येऊ लागल्या. मारबर्गमध्ये तुटलेली बोलणी जुळायला सुमारे साडेचारशे वर्षे लागली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट जोडीदारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अशी जोडपी आयुष्यभर एका छताखाली राहतात आणि रविवारी वेगवेगळ्या रांगांत उभी राहतात. त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याची मंडळी स्वीकारली, तर त्या निर्णयाला दुबळेपणा म्हणू नये. मात्र तो निर्णय तिथली शिकवण समजून घेऊन व्हावा.

यावर एक आक्षेप घेतला जातो. माणसाने मंडळी निवडायची नसते, जिथे जन्मला आणि वाढला तिथेच राहायचे असते, आपल्या मनासारखे मेज शोधत फिरणे हा बाजारी वृत्तीचा प्रकार आहे, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. प्रभुभोजन माणसाला अशा लोकांशी बांधते, ज्यांना त्याने निवडलेले नाही, आणि हे बंधन हेच त्याचे सामर्थ्य आहे. पण शहरात निवड टाळता येत नाही. जवळच्या देवळात जाणे हीसुद्धा निवडच असते, फक्त ती विचार न करता झालेली असते. तेव्हा निवड समजून करावी आणि एकदा केली की तिचे बंधन पाळावे.

समजून करायच्या निवडीला क्रम लागतो. भाकर आणि प्याला यांविषयी ही मंडळी जे मानते, ते प्रामाणिकपणे स्वीकारता येईल का, हे आधी पाहावे. ती कोणाला बोलावते, कोणाला थांबवते आणि त्याचे कोणते कारण देते, हे त्यानंतर पाहावे. कारण सांगून बंद ठेवलेले मेज हे विचार न करता उघडे टाकलेल्या मेजापेक्षा अधिक आदराचे असू शकते. विधी चालवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पुढे येते. प्याला एक की अनेक, रस आंबलेला की ताजा, गुडघे टेकायचे की बसून घ्यायचे, हे प्रश्न सर्वांत शेवटचे आहेत. प्रकृती किंवा व्यसनमुक्तीसारखे कारण असेल तेव्हाच ते वर यावेत. या सर्वांवर पौलाची कसोटी आहे: या मेजाशी गरीब, दलित, परका आणि नवखा माणूस इतरांच्या बरोबरीने उभा असतो का? शिकवण कितीही शुद्ध असली आणि विधी कितीही सुंदर असला, तरी या कसोटीला न उतरणारी मंडळी निवडू नये. आणि जन्माने मिळालेली मंडळी या कसोटीला कमी पडत असेल, तर ती सोडण्याआधी तिला तसे स्पष्ट सांगणे हे सभासदाचे कर्तव्य आहे.