फुल स्टेल्थ

दार लोटून घे. तुम्ही दोघंही थांबा, घंटा झाली म्हणून निसटू नका. त्याच्या मागे कोंडाळं करून बसायला तुम्ही असता, मग ऐकायलाही असा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. गेम खेळतोस म्हणून मी बोलत नाहीये. गेममुळे पोरं वाया जातात ही ओरड मला पटत नाही. वाया जायला अंथुर्ण्यात कॉम्प्युटर लागत नाही, चौकातला पार पुरतो. तू तो कसा खेळतोस, त्यावर मला बोलायचंय. फॉर्मवर तुझ्या वडिलांची सही घ्यायला घरी आलो होतो, आठवतंय? वडील भवानीनगरला कारखान्यावर गेलेले, तुझ्या आईने चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत मी तुझ्या पाठीमागे उभा होतो. तुला वाटलं, सरांना यातलं काय कळतंय.

'स्प्लिंटर सेल: डबल एजंट'. 2006 सालचा गेम, तुझ्यापेक्षा वयाने मोठा. म्हणूनच तुझ्या त्या घरघरणाऱ्या डब्यावर चालतो. सॅम फिशर हा सरकारी हेर. मुलगी अपघातात गेलेली, डोकं भादरलेलं, गुन्हेगार म्हणून तुरुंगात शिरलाय आणि तिथून एका अतिरेकी टोळीत. टोळीलाही वाटलं पाहिजे हा आपला, सरकारलाही वाटलं पाहिजे हा आपला. दोघांच्या विश्वासाचे दोन पट्टे पडद्यावर. सुरुवातीलाच टोळीचा म्होरक्या त्याच्या हातात पिस्तूल देतो. समोर पकडून आणलेला हेलिकॉप्टरचा वैमानिक. त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. घाल गोळी, आमचा असशील तर.

तू काय केलंस? गोळी घातलीस आणि त्या माणसाकडे न बघता पट्ट्याकडे बघितलंस. सरकारचा पट्टा उतरला तसा 'च्यायला' म्हणालास, तेही मी ऐकलं. मग सेव्ह केलेल्या जागी मागे गेलास. या वेळी सोडून दिलास, तर टोळीचा पट्टा उतरला. पुन्हा मागे. मग मोबाइल काढून यूट्यूबवर कुणा पठ्ठ्याचा व्हिडिओ लावलास, पुढे काय काय होतं ते शेवटापर्यंत बघितलंस, आणि या शेजारच्या शहाण्याला म्हणालास, "सोडलेला परवडतो रे."

परवडतो! माणूस आहे तो. 86032 उसाचं बेणं आहे का, एकरी उतारा बघून लावायला?

मान वर कर. ज्यांनी तो गेम बनवला त्यांनी तुला मुद्दाम कोंडीत उभं केलं होतं. इकडे गेलं तरी नुकसान, तिकडे गेलं तरी नुकसान, वेळ थोडा आणि विचारायला कुणी नाही. तेवढे चार क्षण तुझ्या हाताला घाम फुटावा म्हणून माणसं महिनोन्‌महिने खपली. तू त्याचं गाइड करून टाकलंस. आधी उत्तर, मग प्रश्न. आणि वर सगळ्यांना सांगत फिरतोस की मी गेममध्ये कुणाला मारत नाही, मी चांगला शेवट काढला. तू काही काढला नाहीस. तू तो बघून उतरवलास, आणि उतरवणाऱ्याला मी वर्गात काय देतो ते तुला ठाऊक आहे.

माझ्या पुतण्याने मला पुण्यात दुसरा एक गेम दाखवला होता, 'मेटल गिअर सॉलिड 3', 2004 सालचा. त्यात एका ठिकाणी हेर नदीतून चालतो आणि तोवर त्याच्या हातून जेवढे मेले ते सगळे समोरून पाण्यातून चालत येतात. तिथे गोळी चालत नाही, नुसतं चालत राहायचं. कमी मारले असतील तर नदी लवकर सरते. पुतण्याची काही केल्या सरेना. बोलायचा बंद झाला होता गडी. तो मला खेळ वाटला. तू करतोस तो जमाखर्च.

काय म्हणालास? बहिर्जी नाईक? वाटलंच होतं मला, तुम्ही त्यांना मधे ओढणार. सिनेमाने तुम्हाला जेवढे बहिर्जी दाखवले त्याच्या पावपटसुद्धा कागदावर नाहीत. जे आहे ते तरी नीट घ्या. 1679 साली महाराज जालन्याची लूट घेऊन परत येत होते आणि मोगली फौजेने वाट अडवली. सिधोजी निंबाळकर त्या झुंजीत पडले. तेव्हा बहिर्जीने आडवाटेने, रात्रंदिवस चालवत, फौज पट्टागडावर नेऊन पोचवली. सभासदाने लिहून ठेवलंय. आता डोकं चालव. रात्र आहे, पाठीवर मोगल आहे, घोडी दमलेली आहेत आणि समोर दोन खिंडी. एक घळ चुकली असती तर खुद्द राजा हाती लागला असता. बहिर्जीने काय केलं असतं, खिंडीच्या तोंडाशी सेव्ह करून ठेवलं असतं?

आणि हेर म्हणजे छपरावरून उड्या मारणारा काळ्या कपड्यातला माणूस, हेही डोक्यातून काढा. मे 2023 मध्ये पुण्यात संरक्षण संशोधनातल्या एका बड्या अधिकाऱ्याला एटीएसने अटक केली. आरोप असा, की फोनवर ओळख झालेल्या बाईला त्यांनी गुपितं पुरवली आणि ती बाई पाकिस्तानची हेर होती. खरंखोटं कोर्ट बघेल. पण त्या आरोपात छप्पर नाही, बंदूक नाही. आहे तो मोबाइल, तुमच्या खिशात आहे तसाच. इथे शेजारी वालचंदनगरला पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचं बनतात. तुमच्या वर्गातल्या कितीकांचे बाप, चुलते तिथे पाळीवर जातात. आणि तुम्ही? बापाचं ओळखपत्र गळ्यात घालून फोटो काढता आणि स्टेटसला ठेवता. एकदा पाठवलेलं मागे घेता येत नाही, एवढं तरी कळतं ना?

तुला गेम बनवायचेत म्हणे. बनव की. ज्या युबीसॉफ्टचा हा गेम, तिने 2008 मध्येच पुण्यात स्टुडिओ घेतलाय, इथून तीनेक तासांची वाट. पण तिथे माणसाला कोंडीत कसं धरायचं हे सुचावं लागतं. तू कोंडीत कधी थांबलाच नाहीस, तुला सुचणार काय?

आता खरं बोलू. एवढ्यासाठी मी दार लावून घेतलं नसतं.

गेल्या आवर्तनात चारीला पाणी होतं. रात्रीची पाळी तुमच्या बांधाशेजारच्या म्हातारीची. मुलगा मुंबईला, दारं धरायला ती एकटीच. बॅटरी मांडीवर घेऊन बसली आणि तिचा डोळा लागला. तू चप्पल हातात घेऊन गेलास, तिचं बारं फोडलंस, पाणी तुमच्या उसात घेतलंस. पहाटे पुन्हा माती ओढलीस, वर हरळीचं ढेकूळ बसवलंस, पायाचे ठसे हाताने पुसलेस. सकाळी तिचा अर्धा मका कोरडा. ती पाटकऱ्याशी भांडली, त्याला चोर म्हणाली. पाटकऱ्याने चार माणसांत तिला वेड्यात काढलं. खोटं कुणीच बोललं नाही आणि दोघांचीही अब्रू गेली.

म्हातारीने माझ्याकडे तुझं नाव घेतलेलं नाही, तिला माहीतच नाही. मला सांगितलं ते तुझ्या या मित्राने, आणि तेही कौतुकाने. "सर, कुणाला पत्ता लागू दिला नाही त्यानं, फुल स्टेल्थ!" हो, तूच. आता कशाला बावरतोस?

गेममधल्या वैमानिकाला तू सोडलास, कारण तिथे पट्टा दिसत होता. म्हातारीच्या शेतात पट्टा नव्हता.

वडिलांना मी सांगणार नाही. तू सांगायचं, आज जेवायच्या आत. पुढच्या आवर्तनात तुमच्या पाळीतलं पाणी आधी तिच्या मक्याला सोडायचं, आणि तोवर मका वाळला तर तिच्या म्हशीचा चारा तुमच्या घरून जाईल. वडील ऐकेनात तर मला बोलव, मी येतो. पाटकऱ्याकडेही जायचं, आणि ज्या चौघांसमोर त्याला चोर म्हटलं गेलं त्यांच्यासमोरच बोलायचं. हे दोघं बरोबर येतील, पण तोंड उघडायचं नाही यांनी.

गेम बंद कर असं मी म्हणत नाही. पहिल्यापासून खेळ, मधे एकदाही मागे न जाता. वैमानिकाशी आलास की तुला वाटेल ते कर, पट्टा पडू दे. का केलंस ते एक पानभर लिहून सोमवारी माझ्या टेबलावर ठेव. यूट्यूबवाल्याची भाषा मला ओळखू येते.

उचल दप्तर. म्हातारी धारेच्या वेळेला घरी असते. ती शिव्या देईल, त्या पुऱ्या ऐकून घ्यायच्या, मधे 'पण' म्हणायचं नाही.