न मागितलेली विचारपूस

ज्याने हाक मारलेली नाही त्याच्या दाराशी वैद्याने जावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी निरर्थक वाटतो. वैद्यकाची सारी रीत हाकेवर उभी आहे. दुखणाईत जातो, आपले गाऱ्हाणे सांगतो आणि मग वैद्य त्याची नाडी पाहतो. न बोलावता आलेला वैद्य आपल्या समाजात एक तर लोभी ठरतो, नाही तर आगंतुक. परंतु मनुष्य सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडतो तेव्हा हाक मारण्याची त्याची इच्छाच हळूहळू ओसरू लागते. अशा वेळी हाकेची वाट पाहत बसलेला वैद्य नियमाने वागतो हे खरे. तो न्यायाने वागतो काय, एवढेच पाहावयाचे आहे.

या प्रश्नाचा व्यवहारात कस लावून पाहण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला, आणि त्याच्या मुळाशी आम्हां कारकुनांस फार परिचित अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे यादी. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि आपल्या भागातील एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवण्याची रीत सार्वत्रिक झाली. वरवर पाहता ही निव्वळ हिशेबाची सोय होती. डॉक्टरला मोबदला यादीतील डोकी मोजून मिळे. तथापि यादीचा एक नैतिक परिणाम असतो. दवाखान्याच्या बाकावर येऊन बसणारा तेवढाच रुग्ण, ही समजूत यादी हाती येताच टिकत नाही. जो आला नाही त्याचेही नाव कागदावर असते, आणि ते नाव काही न बोलता आपल्याकडे पाहत राहते.

एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स विल्यम्सन व त्यांचे सहकारी यांनी नेमका हाच मार्ग धरला. तीन दवाखान्यांच्या याद्यांतून त्यांनी सुमारे २०० वृद्ध निवडले, त्यांची कसून तपासणी केली, आणि जे आढळले ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरास ठाऊक होते काय हे ताडून पाहिले. १९६४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा वृत्तांत आला. हृदयाचे व छातीचे विकार डॉक्टरांना बहुतांशी ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते निराळेच. पायांची दुखणी, लघवी न आवरणे, रक्ताची कमतरता, मनाची खिन्नता, स्मृतीची झीज या गोष्टी डॉक्टरपर्यंत पोहोचलेल्याच नव्हत्या. थोडक्यात, ज्याने प्राणावर बेतते ते म्हातारे सांगत होते, आणि ज्याने रोजचे जगणे आक्रसते ते मनात ठेवीत होते.

असे का होते, याचे उत्तर शोधण्यास एडिंबरोला जाण्याचे कारण नाही. ‘आता वयच झालं’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरी बोलले जाते. या वाक्यात वैराग्य आहे असे आपण समजतो, आणि कधी कधी ते असतेही. पण पुष्कळदा त्यात मुलाच्या खर्चाची काळजी असते, सुनेपुढचा संकोच असतो, आणि विचारून तरी काय होणार ही निराशा असते. माझी एक आत्या सांगलीकडे राहते. तिने एकाएकी संध्याकाळच्या कीर्तनास जाणे सोडले. घरच्यांनी कोणी गुडघ्यांचे निमित्त लावले, कोणी म्हणाले की तिचे मन आता त्यात रमत नाही. पुढे नातवाच्या लसीकरणासाठी आलेल्या परिचारिकेने सहज तिलाही दोन प्रश्न विचारले आणि खरी गोष्ट बाहेर आली. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी आत्या दुपारच्या चहाबरोबर घेत असे. संध्याकाळी देवळात तास-दीड तास बसणे तिला अशक्य झाले होते, आणि हे बोलून दाखवण्यापेक्षा भक्ती आटली हा आरोप तिने पत्करला होता. डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळची केली. एवढ्यावर ते प्रकरण मिटले. वर्षभर ज्या घरात चार शहाणी माणसे वावरत होती, तेथे हा प्रश्न विचारण्यास परक्या बाईचे तोंड लागले, याचे मला अजून नवल वाटते. की परकी म्हणूनच तिला उत्तर मिळाले?

येथवर न्याय विचारणाऱ्याच्या बाजूचा दिसतो. पण दुसरी बाजू दुबळी नाही. वृद्धालाही एकटे सोडले जाण्याचा हक्क आहे. जो मनुष्य स्वतःस निरोगी समजून सकाळी फिरून येतो, वर्तमानपत्र वाचतो आणि दुपारी झोपतो, त्याला शोधून काढून त्याच्या गळ्यात तीन रोगांची नावे बांधणे यात उपकार कोणता? १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी, तक्रार नसलेल्या लोकांत रोग शोधावा केव्हा, याची काही तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन मला नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभण्यासारखी वाटतात. एक, सापडलेल्या रोगावर मान्य उपाय असावा आणि त्या निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असावी. दुसरे, हा शोध एकदा उरकून टाकण्याचा नसावा, अखंड चालणारा असावा. सामान्य भाषेत सांगायचे तर, उत्तर निस्तरण्याची तयारी असेल तरच प्रश्न विचारावा आणि एकदा विचारला की पाठ फिरवू नये.

ब्रिटिश सरकारने १९९० साली प्रश्न विचारणे सक्तीचे केले. पंचाहत्तर व त्यापुढील वयाच्या प्रत्येकास डॉक्टरने वर्षातून एकदा तपासणीचे निमंत्रण द्यावे, घरी भेट देण्याची तयारी दाखवावी, आणि दृष्टी, श्रवण, हालचाल, मनाची स्थिती, लघवीवरील ताबा, घरची परिस्थिती, घेत असलेली औषधे यांची विचारपूस करावी, असे डॉक्टरांच्या करारातच आले. कर्तव्याचे कलम झाले की त्याचे काय होते हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. आपण सारे त्याच गिरणीत पीठ दळतो.

परंतु कलमाला हसून मोकळे होता येत नाही, कारण पुढे या पद्धतीची परीक्षा मोठ्या काळजीने झाली. तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने १०६ दवाखान्यांतून, चाळीस हजारांहून अधिक वृद्धांचा समावेश करून, निरनिराळ्या तऱ्हेच्या तपासण्यांची तुलना केली. काही ठिकाणी सर्वांची सविस्तर तपासणी झाली, काही ठिकाणी फक्त निवडक लोकांची. २००४ साली निष्कर्ष आले ते थंड पाण्यासारखे. मृत्यूंत फरक नाही, रुग्णालयात दाखल होण्यात म्हणण्यासारखा फरक नाही, जगण्याच्या प्रतीत फरक असलाच तर किरकोळ. याच प्रयोगात दृष्टीचा निराळा अभ्यास होता, त्याचे फळ एक वर्ष आधीच हाती आले होते. ज्यांचे डोळे तपासून योग्य त्या ठिकाणी जाण्यास सांगितले त्यांची दृष्टी, काही वर्षांनी पाहता, न तपासलेल्यांहून अधिक चांगली नव्हती. २००४ च्याच नव्या करारात ते कलम गळाले.

या निष्कर्षाचे मी पुष्कळ दिवस मनन करीत आहे. वैद्यकाच्या हिशेबाने तो मान्य करावाच लागेल. परिचारिकेचा एक तास निरोगी वृद्धाकडे गेला तर तो कोणा आजाऱ्याकडून काढून घेतलेला असतो, आणि फळावाचून तो खर्चणे ही उधळपट्टी ठरते. पण डोळ्यांची ती हकीकत मला अधिक बोलकी वाटते. डोळे अधू आहेत हे कळले, कागदावर लिहिले गेले, ‘अमुक ठिकाणी जा’ असे सांगितले गेले. जाणार कोण, नेणार कोण, चष्मा झेपतो की नाही हे पुढे कोण पाहणार? कळणे आणि निस्तरणे यांच्या मधली ही दरी कोणतीही प्रश्नावली बुजवीत नाही.

कोपनहेगनजवळच्या रोडोव्रे या उपनगरातील एक जुना प्रयोग यापुढे ठेवून पाहावा. १९८४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या २८५ जणांकडे दर तीन महिन्यांनी, अशी तीन वर्षे भेट दिली गेली. तुलनेस २८७ जण होते. भेट दिलेल्यांपैकी ५६ वारले, इतरांपैकी ७५. रुग्णालयाची पायरीही पहिल्यांना कमी चढावी लागली. दोन देश, दोन काळ, दोन मापे. एवढ्यावरून ब्रिटिश निष्कर्ष खोडता येत नाही हे मी जाणतो. तरी वर्षातून एकदा येणारे निमंत्रण आणि दर तीन महिन्यांनी दारात उभे राहणारे माणूस या दोहोंस एकच नाव देणे मला पटत नाही.

आपले सरकार निवृत्त सेवकांस वर्षातून एकदा एक प्रश्न विचारते. तो नोव्हेंबरात विचारला जातो. ऐंशी वर्षांवरील लोकांस ऑक्टोबरपासून उत्तर देण्याची सवलत आहे. प्रश्न एकच, ‘आपण हयात आहात काय?’ २०१४ पासून हा दाखला संगणकावरून देता येतो, आणि आता तर घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवला तरी चालते. सोय उत्तम आहे. माझ्या मेजावरूनही असे कागद गेले आहेत आणि त्यांत मला गैर काही दिसत नाही; निवृत्तिवेतनास हयातीहून अधिक काही लागत नाही. पण ज्या यंत्रणेला प्रत्येक वृद्धाचे नाव, वय आणि पत्ता ठाऊक आहे, तिला त्याच्या पायांविषयी, कानांविषयी, एकटेपणाविषयी काहीच विचारावेसे वाटू नये, ही गोष्ट लक्षात राहते. केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. तिच्या कार्डधारकाचे नाव एका दवाखान्याशी जोडलेले असते. म्हणजे ब्रिटिश डॉक्टरापाशी होती तशी यादी आपल्याही दवाखान्यात आहे. वर्षभरात एकदाही न आलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त सेवक कोण, हे त्या यादीतून काढता येईल. सर्वांची तपासणी नको. ती निष्फळ ठरते हे आता ठाऊक आहे. पण न आलेल्या मोजक्यांकडे तेच माणूस पुन्हा पुन्हा जाईल, आणि जे कळेल त्याचा पाठपुरावा त्याच्याच गळ्यात राहील, एवढे करून पाहण्यास काय हरकत आहे?

आणि यादीबाहेरचे? आपल्यांपैकी पुष्कळांचे आईवडील गावी आहेत आणि आपण दिल्ली, भोपाळ, कलकत्ता येथे. दर रविवारी आपण फोनवर विचारतो, ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाच्या शेवटी तो जो ‘ना’ आहे, त्यात उत्तर आधीच भरलेले असते. वडील ते फक्त परत करतात. त्याऐवजी ‘रात्री किती वेळा उठता?’ असे विचारून पाहावे. उत्तर कदाचित असे येईल की रजेचा अर्ज टाकावा लागेल, आणि आपण तो प्रश्न का टाळत आलो हेही त्याच वेळी कळेल.

एक अडचण मात्र उरते. विचारूनही जो ‘मला काही नको’ म्हणतो, त्याचे काय? ब्रिटनमधल्या त्या जुन्या कलमात निमंत्रण नाकारण्याची पूर्ण मुभा होती; नकार आला की त्या वर्षापुरते प्रकरण मिटे. पुढच्या वर्षी मात्र डॉक्टरने त्याच माणसास पुन्हा बोलवावयाचे असे.