शिपायाचें ऋण व आपलें शरीर



आपल्या महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं, विशेषतः सातारा व रत्नागिरीकडील मुलखांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत बसविलेला एक लहानसा दगड आढळतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास ह्या गांवांतून इतके पुरुष गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर त्यावर असतो. नांव बहुधा एकाचेंही नसतें. मुलें त्या दगडास पाठ टेकून बसतात. आणि गेलेला तो कोणाचा पणजा होता, हें सांगणारें माणूस गांवांत क्वचितच उरलेलें असतें. अशा दगडापुढें उभें राहिलें असतां विचारी मनुष्यास एक प्रश्न पडतो. ज्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं, ज्यास आमचा शब्द ऐकूं जाणार नाहीं, आणि जो आमच्यासाठीं म्हणून गेलाही नव्हता, त्याचे उपकार आम्हीं मानावे काय? आणि मानावे तर ते फेडावे कसे?

कोणी म्हणेल कीं, तें युद्ध परक्या सरकारचें होतें. शिपाई गेला तो पगारासाठीं व पोटासाठीं. मग ऋण कसलें? ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें झांकून ठेवणें बरें नव्हे. पहिल्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले, व सुमारें ७४,००० परत आले नाहींत. कोणाचें कोणाशीं भांडण मिटवावयास आपण जात आहों, हेंही त्यांतील पुष्कळांस नीट कळलें नसेल. परंतु युद्ध योग्य होतें कीं अयोग्य हा एक प्रश्न, आणि त्यांत देह ठेवणाऱ्या मनुष्याचें आम्ही कांहीं देणें लागतों कीं नाहीं हा दुसरा. पहिल्याचा जबाब राज्य करणाऱ्यांनीं द्यावयाचा, दुसऱ्याचा आम्हीं. विहीर खणणारा मजूर मजुरी घेतो, म्हणून तिचें पाणी पिणारा त्याचा ऋणी नसतो काय? दरड कोसळून तो आंत गाडला गेला, तर ‘त्याची मजुरी चुकती केली होती’ असें म्हणून गांव मोकळें होईल काय? पैशानें मनुष्याचे हात विकत मिळतात, प्राण मिळत नाहीं.

शिपायाचा मृत्यु म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें गोळी व संगीन येते. कोंकणचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धांवून गेले, ती तोफ त्यांनीं बंद पाडिली आणि तेथेंच ते पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व त्यांचें नांव राहिलें, हें योग्यच झालें. परंतु तापानें, हगवणीनें, उपासमारीनें जो तंबूंत मेला, त्याची कथा कोणी सांगत नाहीं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेंत रोगानें मेलेले लोक रणांत ठार झालेल्यांहून कमी नव्हते. बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरिलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या कोरिली गेली. ह्या मरणांत शौर्य दिसत नाहीं म्हणून त्यांचें मोल कमी आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. किंबहुना आज आपल्या घरोघरीं ज्या ज्ञानाचा उपयोग होतो, त्याचा कांहीं भाग अशाच मरणांतून आला आहे. तो कसा, हें एका उदाहरणानें सांगतों.

१९१५ सालीं जनरल टाउनशेंडची सेना तैग्रिस नदीच्या कांठीं कुट-अल-अमारा ह्या गांवीं तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. त्या सेनेचें नांवच ‘पुना डिव्हिजन’ असें होतें, व तिच्यांत १०३ वी व ११० वी ह्या मराठा पलटणी होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजीं पडला व २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें शरण जाईपर्यंत उठला नाहीं. ह्या सुमारें पांच महिन्यांत एकाच छावणींत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. गोऱ्या शिपायांस पांढऱ्या मैद्याची रोटी मिळे. त्यांच्यांत बेरीबेरी हा रोग उद्भवला, पाय सुजूं लागले व हातापायांतील शक्ति गेली. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा खात. त्यांस हा रोग झाला नाहीं. पुढें मैदा संपला व गोऱ्यांसही आटा आणि जवाचें पीठ मिळूं लागलें, तेव्हां त्यांच्यांतील तो रोग मागें हटला. उलटपक्षीं गोरे शिपाई मारलेल्या घोड्यांचें ताजें मांस खात. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं तें नाकारलें, व भाजीपाला तर नव्हताच. त्यामुळें त्यांच्यांत स्कर्व्ही पसरला; हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडल्या, पुष्कळ लोक निजले ते उठलेच नाहींत. एकाच नदीचें पाणी पिणाऱ्या दोन प्रकारच्या लोकांस दोन निरनिराळे रोग व्हावे, ह्याचें कारण त्यांच्या ताटांत होतें. धान्याच्या कोंड्यांत व अंकुरांत एक जीवनसत्त्व असतें, आणि ताज्या पाल्यांत व आंबट फळांत दुसरें. एकाच्या अभावीं बेरीबेरी व दुसऱ्याच्या अभावीं स्कर्व्ही होतो. तज्ज्ञ लोक ह्याचा शोध आधींपासून करीत होते. पण कुटच्या वेढ्यानें तें सत्य मनुष्यांच्या देहांवर लिहून दाखविलें.

हिंदी शिपायांनीं घोड्याचें मांस कां नाकारलें, हें विसरूं नये. तें खाण्यास मोकळीक आहे असे निरोप त्यांच्या धर्मगुरूंकडून आणविले गेले, तरी पुष्कळांची भीति गेली नाहीं. आपण गांवीं परत गेल्यावर लोक काय म्हणतील, पंगतीस बसवितील कीं नाहीं, ही ती भीति होती. शत्रूच्या गोळीस न भिणारा पुरुष आपल्या गांवच्या जिभेस भ्याला. दोष त्याचा नव्हे; ज्या गांवानें ती भीति त्याच्या मनांत घातली, त्या गांवाचा आहे. त्याच्या मरणाचा कांहीं भाग कुटमध्यें घडला, तर कांहीं भाग येथें, आमच्या ओट्यावर घडला.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. दावीद राजाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी प्यावें असें त्याच्या मनांत आलें, आणि त्याच्या तिघां वीरांनीं पलिष्ट्यांच्या छावणींतून वाट काढून तें आणिलें. राजा तें पिऊं शकला नाहीं. त्यानें तें देवापुढें ओतलें. पाणी इतर पाण्यासारखेंच होतें. परंतु तें कोणत्या किंमतीस आलें हें कळल्यावर तें केवळ तहान भागविण्याचें पाणी राहिलें नाहीं. कृतज्ञतेचा आरंभ येथें आहे. वस्तु तीच असते, पण तिची किंमत समजली म्हणजे ती निष्काळजीपणानें वापरण्यास हात धजत नाहीं. मेलेल्यास आपण कांहीं परत देऊं शकत नाहीं. परंतु त्याच्याकडून जें आलें तें वायां जाऊं न देणें व पुढच्यास पोंचविणें हें आपल्या हातीं आहे.

ह्यावर एक सूक्ष्म शंका निघते. शिपायानें शरीर टाकून दिलें, आणि आम्ही मात्र त्याच्या नांवानें आपलें शरीर जपावें. हा स्वार्थ नव्हे काय? आम्ही म्हणतों, जपण्याचा हेतु पाहावा. १९४३ सालीं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एक जखमी माणूस मागें धाडावा लागे, तेव्हां आजारी असे १२० धाडावे लागत. त्यांत मलेरियाचे रोगी फार. पुढें जनरल स्लिम ह्यांनीं मेपाक्रीनची कडू गोळी प्रत्येकानें रोज घेतलीच पाहिजे असा हुकूम केला. गोळीनें कातडी पिवळी पडे, व तिच्याविषयीं नाना अफवा पसरल्या होत्या. जनरल अचानक पलटणींची तपासणी करवीत, आणि शंभरांत ९५ हून कमी लोकांनीं गोळी घेतलेली आढळल्यास त्या पलटणीच्या मुख्यास कामावरून दूर करीत. सेनेंत शरीर जपणें ही चैन नव्हती, आज्ञा होती. कारण जें शरीर तापानें आधींच पडलें, तें सोबत्याच्या रक्षणास उभें राहूं शकत नाहीं. जें राखून ठेविलें, तेंच देतां येतें. कुटुंबांतही असेंच आहे. बापानें खोकला लपविला तर मुलांस क्षय होतो. आईनें स्वतः उपाशी राहून रक्त घालविलें तर तान्हें बाळ अशक्त होतें. आपलें शरीर केवळ आपलें नव्हे.

म्हणून रोजच्या वागणुकीच्या कांहीं गोष्टी येथें सांगतों. त्या साध्या आहेत, पण फुकट मिळालेल्या नाहींत.

पीठ चाळून कोंडा जनावरांस टाकूं नये. ज्वारी, बाजरी, नाचणी हें आपलें धान्य उत्तम आहे. त्याची लाज वाटून मैद्याच्या पावामागें लागूं नये. तांदूळ फार पांढरा सडूं नये, पुन्हां पुन्हां धुऊं नये, व पेज ओतून देऊं नये. कोंकणांतील उकड्या तांदळांत जीवनसत्त्व अधिक टिकतें.

दररोज कांहीं तरी ताजें व हिरवें पोटांत जावें. आवळा, लिंबू, पेरू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला ह्यांस फार खर्च नाहीं. फार शिजविल्यानें त्यांतील सत्त्व नाहींसें होतें. लिंबू पानावरच पिळावें. भाजी न मिळाल्यास मटकी किंवा मूग भिजवून मोड आणावे. कोरड्या कडधान्यांत जें सत्त्व नसतें, तें मोडांत येतें.

पिण्याचें पाणी उकळून घ्यावें. शौचानंतर व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. मुलास जुलाब लागल्यास त्याचें पाणी तोडूं नये. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें घोटघोट पाजीत राहावें, आणि मूल सुस्त झाल्यास किंवा रक्त पडल्यास लगेच दवाखान्यांत न्यावें. हा उपायही युद्धाच्या काळांत सिद्ध झाला. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी तोंडानें पाजविलें. आप्तांनींच रोग्यांस तें पाजिलें. आणि शंभरांत सुमारें ३० होणारे मृत्यु चारांच्या आंत आले.

घराजवळ पाणी सांचूं देऊं नये, मच्छरदाणींत निजावें, आणि थंडी वाजून ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें. औषध सुरू केल्यास बरें वाटतांच मध्येंच सोडूं नये.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन आठवडे खोकला राहिला, किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लपवूं नये. क्षय व कुष्ठरोग हे दोन्ही आज औषधांनीं बरे होतात, व सरकारी दवाखान्यांत तीं औषधें विनामूल्य मिळतात. तरीही ‘लोक काय म्हणतील’ ह्या भीतीनें किती तरी मुली व सुना रोग पोटांत ठेवून झिजतात! कुटच्या शिपायास ज्या भीतीनें मारिलें, तीच ही भीति. रोग्याचें नांव निघतांच आम्ही ओठ मुरडतों, त्याचा पेला निराळा ठेवितों. मग तो दवाखान्यांत कशास जाईल? चावडीवरील दगडास फुलें वाहून घरीं येतांना जो शेजाऱ्याच्या आजाराची कुचेष्टा करितो, त्यानें त्या दगडाचा मान राखिला असें म्हणतां येत नाहीं.

जिवंत असलेल्यांचेंही ऋण आहे. नवी दिल्ली येथें २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २५,००० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. त्या प्रत्येक नांवामागें कोठें तरी एक घर आहे. दर वर्षीं ७ डिसेंबर हा दिवस १९४९ सालापासून सैनिकांचा ध्वजदिन म्हणून पाळिला जातो. कुटचा वेढा पडला तीच ही तारीख. त्या दिवशीं निधींत चार पैसे टाकावे हें उत्तम. परंतु गांवांतील वीरपत्नीस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जाण्यास सोबत करावी, तिचा अर्ज लिहून द्यावा, म्हाताऱ्या निवृत्त शिपायाच्या औषधपाण्याची चौकशी करावी, हें त्याहून उत्तम. आमच्या उपदेशक बंधूंस व शाळामास्तरांस आमची विनंति आहे कीं, आपल्या गांवीं असा दगड असल्यास वृद्धांस विचारून त्यावरील पुरुषांचीं नांवें मिळतील तितकीं लिहून ठेवावीं. आणि तीं मुलांस सांगावयाच्या दिवशींच मीठ-साखरेचें पाणी कसें करावें हेंही त्यांच्याच हातून करवून घ्यावें.