कारागृहातील आत्महत्या आणि प्रमादाचा प्रश्न

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमादयुक्त योगातून, म्हणजे मन, वाणी वा देह यांच्या बेसावध व्यापारातून, झालेली प्राणहानी ही हिंसा होय. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात याच दिशेने असे प्रतिपादले की, समोरचा जीव मरो अथवा जगो, बेसावध वर्तन करणाऱ्याच्या ठायी हिंसा निश्चितच असते, उलट समितीचे, म्हणजे जपून वागण्याच्या नियमांचे, पालन करणाऱ्याला केवळ प्राणहानीमुळे कर्मबंध होत नाही. मुनीच्या चर्येसाठी घालून दिलेला हा निकष कारागृहातील आत्महत्यांना लावणे प्रथमदर्शनी विजोड वाटेल, कारण तेथे मरणारा स्वतःच्याच हातून मरतो. परंतु ज्याचे जेवणखाण, झोप आणि नातलगांची भेटसुद्धा दुसऱ्याच्या आज्ञेवर अवलंबून असते, त्याच्या मरणाचा कर्ता तो एकटाच, हे म्हणणे तितकेसे सरळ नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार भारतातील कारागृहांत १५९ अनैसर्गिक मृत्यू झाले व त्यांपैकी ११९ आत्महत्या होत्या. त्या वर्षअखेरीस एकूण बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे दोष अद्याप सिद्ध न झालेले, होते. कौटिल्याने बंद्याला छळणाऱ्या वा मारणाऱ्या बंधनागाराध्यक्षाला दंड सांगितला आहे, पण तो केलेल्या कृतीचा दंड आहे. जे पाहायला हवे होते ते न पाहण्याच्या दोषाचा विचार करायचा, तर प्रमादाची कल्पनाच अधिक उपयोगी पडते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनांत प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीत मनाच्या तपासणीचाही समावेश करावा असे म्हटले आहे. मात्र हीच तपासणी जर रांगेत, शिपायांच्या देखत, ‘काही त्रास आहे का?’ एवढ्या प्रश्नात उरकली गेली आणि ‘नाही’ हे उत्तर रकान्यात उतरवून पुढच्याला हाक मारली गेली, तर तो बंदी पुढे सुखरूप सुटला तरी कुंदकुंदाचार्यांच्या कसोटीवर प्रमाद घडलेलाच असतो. याच अधिनियमाच्या कलम १०३ मध्ये कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी, कारागृहात मनोरुग्ण बंदी नाहीत, असे प्रमाणित करणारा अहवाल पाठवावा अशी तरतूद आहे. हेतू बहुधा मनोरुग्णांना योग्य उपचारस्थळी हलवले जावे हा असेल, पण ज्याला ‘नाहीत’ असेच लिहून द्यायचे आहे त्याची शोधण्याची इच्छा किती टिकेल, ही शंका रास्त आहे.

जैन विचारातील अडचण अशी की त्यात कर्ता एक धरलेला आहे, आणि कारागृहात तो वाटला गेलेला असतो. जामीन फेटाळला गेल्याचे बंदी न्यायालयात ऐकतो तेव्हा त्याच्याजवळ पोलिसांचे पथक असते आणि ते संध्याकाळी त्याला कारागृहाच्या दाराशी सोपवून निघून जाते. नातलगांच्या मुलाखतीनंतर उतरलेला चेहरा तेथल्या शिपायाला दिसतो. झोप उडाल्याचे बराकीतला शेजारी जाणतो. आधीच्या उपचारांचे कागद भलत्याच रुग्णालयात पडलेले असतात. यांतला प्रत्येक जण आपल्या जागी सावध असूनही ही माहिती एकत्र येत नाही, आणि म्हणून संस्थेपुरती समितीची व्याप्ती वाढवून, जाणलेले योग्य माणसापर्यंत पोचवणे हाही सावधपणाचाच भाग मानावा लागतो.

यावर गोपनीयतेचा आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याचे बंधन आहे, तसेच २०१७ च्या अधिनियमाचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. परंतु तेच कलम जिवाचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करण्यास मुभाही देते. ‘तेवढीच’ हा निर्बंध महत्त्वाचा आहे, कारण रात्रपाळीच्या शिपायाला आज या बंद्याकडे अधिक लक्ष हवे एवढे कळणे पुरेसे असते, त्यामागची घरगुती हकीकत त्याला कळण्याचे कारण नसते. (बंद्यावरचा आरोप मात्र कोणी न सांगताही सगळ्या बराकींना कळतो.)

दुसरी अडचण संशयाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आत्महत्येच्या प्रयत्नाचा सर्वसाधारण गुन्हा वगळला, तरी लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न कलम २२६ खाली अपराध ठेवला. कारागृहात बंद्याभोवतीचा प्रत्येक अधिकारी लोकसेवकच असल्याने दुःखाला ‘नाटक’ ठरवण्याचा मोह तेथे इतर कोठल्याही जागेपेक्षा प्रबळ असतो. त्यातच मनातले सांगितल्याबद्दल एकट्याची कोठडी वाट्याला येत असेल, तर लपवणे हेच बंद्याला शहाणपणाचे वाटणार. ब्रिटनमध्ये स्वान्सी येथील कारागृहात १९९१ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात ‘समॅरिटन्स’ या संस्थेने प्रशिक्षित केलेले बंदीच इतर बंद्यांचे ऐकून घेतात व ऐकलेले प्रशासनाला सांगत नाहीत, तर कर्मचाऱ्यांनी ठेवायच्या धोक्याच्या नोंदी वेगळ्या चालतात. नोंद होणारे आणि न होणारे असे बोलण्याचे दोन्ही मार्ग तेथे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि त्यांतला कोणता निवडायचा हे बंद्यावर सोपवलेले आहे.