शिक्षणाच्या रकान्यात काय लिहावे?

पंजाब नॅशनल बँकेला ओडिशात शिपाई नेमायचे होते. उमेदवार बारावी पास हवा, पदवीधर नको, असे जाहिरातीत लिहिले होते. एका पदवीधराने अर्जात फक्त बारावी लिहिली. निवड झाली, पुढे पदवी उघडकीस आली आणि निवड रद्द झाली. ओडिशा उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता. ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

मला हा निकाल आठवला तो बेंगळुरूत, आमच्या इमारतीच्या रात्रपाळीच्या रखवालदारामुळे. मुलगा खानापूरकडचा, बी.ए. झालेला. होसूर रस्त्यावरच्या एका गोदामात माल लावायच्या कामासाठी त्याला अर्ज करायचा होता. ‘काका, बी.ए. लिहू की दहावीच ठेवू?’ त्याने विचारले. आधी एका ठिकाणी पदवी पाहून ‘तू दोन महिन्यांत पळशील’ म्हणत त्याला परत पाठवले होते.

खोटे लिहू नये, हे सांगायला मला काहीच खर्च नव्हता, म्हणूनच मी थांबलो. अर्ज म्हणजे कबुलीजबाब नव्हे. ‘दहावी पास आहात का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा बी.ए. खोटे बोलत नाही. ‘सर्वोच्च शिक्षण’ असा रकाना असेल आणि तिथे दहावी लिहिली, तर मात्र ते खोटे आहे. त्याला दुसरे नाव देऊन उपयोग नाही. आता मालकाची भीतीही अगदी निराधार नसते. माणूस शिकवावा आणि त्याने सोडून जावे, हा तोटाच. पण ‘पदवीधर नको’ म्हणण्यात पुष्कळदा दुसरेही काही असते. शिकलेला माणूस जादा तासांचा हिशेब विचारतो.

विराटाच्या घरी पांडव हेच करत होते. भीम स्वयंपाकी झाला, अर्जुन नृत्यशिक्षक, आणि आपण पूर्वी युधिष्ठिराकडे होतो असे त्यांनी सांगितले. नाव लपवले, अंगचे कसब नाही. ते तर कामाला लावले. सैरंध्रीची गोष्ट वेगळी. कीचकाने भर सभेत लाथ मारली तेव्हा आपण कोण हे तिला सांगता आले नाही. पाच पराक्रमी नवरे असून ती त्या क्षणी निव्वळ दासी होती. दडवण्याची खरी किंमत मला तिथे दिसते. दहावी म्हणून आत गेलेल्याला, मुकादमाने इंग्रजी कागदावर सही करायला सांगितली, तर तो कागद आपल्याला वाचता येतो हेही दाखवता येत नाही. शिवाय दहावीनंतरच्या पाच वर्षांचे काय? एक ओळ गाळली की ती पाच वर्षे भरायला गोष्ट रचावी लागते, आणि ती रोज लक्षात ठेवावी लागते.

यात तिसरा माणूसही आहे, त्याचा विचार आपण फार करत नाही. जानेवारी २०१९मध्ये मंत्रालयाच्या उपाहारगृहातल्या वाढप्यांच्या १३ जागांची बातमी आली होती. पात्रता चौथी पास, अर्ज सुमारे ७,००० आणि निवडलेल्यांपैकी १२ पदवीधर. तिथे पदवी दडवण्याची गरजच पडली नाही. तरी चौथी पास माणूस बाहेर राहिला तो राहिलाच. बँकेचा नियम अशा माणसासाठी जागा राखतो असे मानले, तर तिथे पदवी लपवणे म्हणजे त्याच्या ताटातले घेणे. उलट, नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या शिपाई भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच २००० साली म्हटले होते की, केवळ जास्त शिकला म्हणून उमेदवाराचा विचारच न करणे तर्काला धरून नाही. दोन्ही निकाल मला आपापल्या जागी पटतात, आणि त्यामुळे माझी पंचाईतच होते.

गोदामाची जागा काही कमी शिकलेल्यांसाठी राखलेली नाही. तिथे पदवीचा संबंध फक्त मालकाच्या अंदाजाशी आहे. म्हणून मी मुलाला म्हटले, अर्जात नेमके काय विचारले आहे ते आधी बघ. त्याने मोबाइलवर अर्ज काढून दाखवला. इंग्रजी आणि कन्नड, दोन्हीत तो माझ्यापेक्षा भरभर वाचत होता. रकाना ‘सर्वोच्च शिक्षण’ असाच होता.

‘बी.ए. लिही,’ मी म्हटले, ‘आणि खाली लिही की दोन वर्षे राहायची तयारी आहे.’

‘पण काका, दोन वर्षे कोण राहणार तिथे?’ तो म्हणाला.