उपवासकाळाचे फूल



इंग्लंडमध्ये रानटी डॅफोडिलला 'लेंट लिली', म्हणजे उपवासकाळाचे फूल म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेला कंद थंडी सोसून याच दिवसांत पिवळा फुलतो. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी तेथील कित्येक चर्चमध्ये मुले आईला ही फुले देतात.

मात्र तोडलेल्या देठातून चीक गळतो आणि त्याच फुलदाणीतील ट्युलिप कोमेजतात. म्हणून डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवतात. भावाभावांत अबोला असेल (आणि तो कुठल्या गावात नाही?), तर समेटाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने प्रभूपुढे एकट्याने बसावे, कडूपणा तिथे गळू द्यावा.

चीक गळाला की ती फुले इतरांसोबत ठेवता येतात. देठ मात्र पुन्हा कापायचा नाही. कापला तर चीक परत वाहू लागतो.